लुआ: व्याकरण दोन दिवसांचं, चुका तीन आठवड्यांच्या

निओव्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये दोन शॉर्टकट बसवायचे होते. त्याची सेटिंगची फाइल हल्ली लुआत लिहितात, म्हणून या प्रोग्रामिंग भाषेच्या वाटेला गेले. तीन आठवडे झाले, शॉर्टकट कधीच बसले, मी अजून तिथेच आहे. पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते सांगते.

आधी चांगलं. भाषा ब्राझीलची, १९९३ची, रिओच्या कॅथलिक विद्यापीठात तिघांनी घडवलेली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. ५.४ या आवृत्तीत राखीव शब्द सगळे मिळून २२. यादी असो की कोश, सगळ्याला एकच टेबल. मोजणी एकपासून, इतर बऱ्याच भाषांसारखी शून्यापासून नाही; यावर बरेच जण नाक मुरडतात, मला मात्र पहिली वस्तू पहिलीच असलेली आवडली. असमानसाठी ~= लिहायचं, हाताला वळण लागेपर्यंत दहा वेळा != लिहून शिव्या खाल्ल्या. अधिक-बरोबर (+=) नाहीच, x = x + 1 असं नाव दोनदा लिहा.

ही चिन्हं चुकली तर लुआ ओरडते तरी. खरा त्रास ती गप्प बसते तिथे होतो.

ओळींचे आकडे दाखवायचे की नाही, यासाठी मी एका फंक्शनमध्ये लिहिलं होतं: दाखव = दाखव ऑर ट्रू. म्हणजे काही पाठवलं नाही तर ट्रू धर. पाठवलं फॉल्स, तरी आकडे आपले समोर हजर. अख्खी संध्याकाळ गेली. ऑर डावीकडे पाहतो, तिथे निल (म्हणजे किंमतच नाही) किंवा फॉल्स दिसलं की उजवीकडचं उचलतो. माझं फॉल्स त्याच्या लेखी 'काहीच नाही'मध्ये जमा! इलाज साधा: इफ दाखव == निल असं स्पष्ट विचारायचं. आणि गंमत म्हणजे शून्य आणि रिकामी स्ट्रिंग इथे खऱ्यात मोडतात. 'इफ काउंट देन' लिहून शून्य असताना आत शिरलेली मी एकटीच नसेन.

दुसरी गप्पबाजी स्पेलिंगची. लोकल न लिहिता नाव वापरलं की ते ग्लोबल, म्हणजे प्रोग्रामभर चालणारं होतं. टोटलऐवजी टोटाल लिहिलं तर तक्रार नाही, नवीन टोटाल जन्माला येतो आणि जुना टोटल होता तिथेच राहतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठीच्या बाई निदान लाल शाई वापरायच्या.

स्ट्रिंग जोडायला दोन टिंबं, पण १..२ असं चिकटून लिहिलं तर लुआ तो बिघडलेला आकडा समजते. मध्ये जागा सोडा. टर्मिनलवर लुआ ५.४ आहे, तिथे "पान " .. १०/२ केलं तर 'पान ५.०' येतं. पूर्णांक हवा तर भागाकाराच्या दोन रेघा, //. हे शिकून मी ऐटीत सेटिंगच्या फाइलीत // लिहिलं आणि एडिटर उघडताच एरर. निओव्हिम सहसा लुआजिट या लुआच्या वेगळ्या अवतारावर चालतो आणि तो ५.१च्या वळणाचा. // आलं ५.३मध्ये. तिथे मॅथ.फ्लोअर वापरावं लागलं. एकच भाषा, दोन खिडक्यांत दोन उत्तरं: पाचवा तारा इथे गेला. नवशिक्यांनी पहिल्या दिवशी प्रिंट(_व्हर्शन) चालवून बघावं, मग कुणाचंही उत्तर कॉपी करावं.

शेवटी लांबी. # लावला की स्ट्रिंगची लांबी मिळते, म्हणून कौतुकाने #"चंद्र" विचारलं. मला वाटलं दोन म्हणेल, फार तर तीन. आलं १५! # अक्षरं नाही, बाइट (साठवणीचे तुकडे) मोजतो: च, अनुस्वार, द, हलन्त, र, प्रत्येकी तीन बाइट. ५.४मध्ये यूटीएफ८.लेन हे बाइटऐवजी चिन्हं मोजणारं फंक्शन वापरलं तर पाच येतात. दोन म्हणायला ते सुद्धा तयार नाही.