ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: आईच्या वाटणीच्या दाव्यासाठी वापरताना

माझ्या आईचा वाटणीचा दावा औशाच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. समोर सख्खे मामा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीनं देशभर लागू झाला. त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हेही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. तरी सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी आईला दावा लावावाच लागला.

ती राहते उदगीरला. लातूरला गाडी बदलून औसा गाठायचं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पण दिवस पूर्ण जातो आणि तारीख सोयाबीनच्या काढणीत आली तर रोजगारही बुडतो. त्यामुळं पुढची तारीख आपल्याच मोबाईलवर बघायला मिळणं ही आमच्या घरात फार मोठी सोय आहे. हे सरकारी ॲप ते काम फुकटात करतं.

आधी वकिलांकडून सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख नंबर, मागून घ्या. सोळा अक्षर-अंकांचा असतो: सुरुवातीला एमएच, मग जिल्ह्याची दोन अक्षरं, लातूरची एलए, आणि शेवटचे चार अंक वर्षाचे. मधे रेघ किंवा मोकळी जागा टाकायची नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या प्रकरणाचा नंबर एचसीबीएमनं सुरू होतो. सीएनआर नसेल तर दाव्याचा नंबर आणि वर्ष टाकूनही सापडतं, फक्त प्रकार नीट निवडा. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा, एल.ए.आर. म्हणजे भूसंपादनाच्या वाढीव मावेजाचं प्रकरण, आर.डी. म्हणजे दरखास्त, निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज. पक्षकाराच्या नावानं शोधायची सोय आहे, पण आपल्याकडं एकाच नावाचे कितीतरी लोक निघतात, आणि इंग्रजीत आडनाव कुणी कसं लिहिलंय याचा नेम नसतो. प्रकरण एकदा सापडलं की ते 'माय केसेस'मध्ये ठेवून द्या.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तारखांचा इतिहास. मागच्या एखाद्या तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद उघडते: कोण हजर होतं, मुदत कुणी मागितली, अर्ज मंजूर झाला की नामंजूर. आधी आईला एवढंच कळायचं, 'पुढची पडली'. ती का पडली हे विचारायला ती बिचकायची. आता मी तिला नोंद वाचून दाखवते आणि ती स्वतः वकिलांना नेमकं विचारते. चौथी शिकलेल्या बाईला हे धाडस येणं मला त्या दाव्याच्या निकालाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या तारखेसोबत टप्पा लिहिलेला असतो, तोही बघत जा. 'अवेटिंग समन्स' म्हणजे प्रतिवादीला समन्स बजावून व्हायचं आहे. 'से' म्हणजे अर्जावर समोरच्याचं म्हणणं यायचं आहे. 'इश्यूज' म्हणजे वादाचे मुद्दे काढायचे आहेत, 'एव्हिडन्स' म्हणजे पुरावा, 'पार्ट हर्ड' म्हणजे सुनावणी अर्धी झाली आहे. पुराव्याची तारीख असेल तर जावंच लागतं. हे टप्पे इंग्रजीत आहेत, ते मराठीत आले तर माझ्यासारखीला मधे बसायची गरजच राहणार नाही. अर्धा तारा मी त्यासाठीच कापते. पाचपैकी साडेचार.

ॲपवर दिसतंय म्हणून वकिलांना फोन करायचं सोडू नका. न्यायाधीश साहेब रजेवर असले की बोर्डावरची प्रकरणं पुढं जातात, ते आदल्या दिवशी कळेलच असं नाही. ॲपवरचा हुकूम वाचण्यापुरता आहे. अपील करायचं तर प्रमाणित नक्कल लागते, आणि जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेत पडलेला पाहिजे. निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

वाटणीच्या दाव्यात आणखी एक. 'डिस्पोज्ड', म्हणजे निकाली, दिसलं की अनेक घरांत पेढे वाटतात, पण तेवढ्यानं जमीन ताब्यात येत नाही. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फोड दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. ती मोजणी आणि तो ताबा या ॲपमध्ये दिसणार नाही, त्यासाठी तहसीलच्या पायऱ्या वेगळ्या चढायच्या.

मोबाईल बदलणार असाल तर 'माय केसेस'ची यादी आधी एक्स्पोर्ट करून फाईल स्वतःलाच पाठवून ठेवा. नव्या मोबाईलवर ती इम्पोर्ट केली की सगळी प्रकरणं परत दिसतात. आणि सीएनआर नंबर कागदावर लिहून दाव्याच्या पिशवीत ठेवाच.