‘स्क्रू टाइट करून आणतो’ म्हणणाऱ्यापासून सावध

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात फसलो, पण दुकानाचं नाव लिहीत नाही. पक्कं बिल हाती नाही, आणि वरून दुकानदारानं माझ्यावरच बदनामीची केस टाकायची धमकी दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

माझा लॅपटॉप २०१६ चा. इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. त्यावर गावातल्या लोकांचे महाडीबीटीचे अर्ज, पीकविमा, पोरांच्या स्कॉलरशिपा भरतो. चालू करून चहा पिऊन आलं तरी स्क्रीनवर गोल फिरतच असायचं. टास्क मॅनेजरमध्ये (मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) डिस्कसमोर कायम १०० टक्के. नवा घ्यायला पैसे नव्हते, सोयाबीन काय भावानं गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकायची आणि रॅम वाढवायची ठरवलं. हा उपाय बरोबरच होता, आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल तर एसएसडी, मेमरी भरत असेल तर रॅम. दुसरं काही करायच्या आधी स्टार्टअपमधले (लॅपटॉप चालू होताना आपोआप उघडणारे) नको ते प्रोग्राम बंद करा, त्याला एक रुपया लागत नाही.

दुकानदारानं भाव सांगितला तो असा: ५१२ जीबीची एसएसडी २,३०० रुपये, ८ जीबी रॅम १,४००, विंडोज टाकायचे ५००, सर्व्हिसिंग ३५०. एकूण ४,५५०. पन्नास सोडले. “विंडोज १० बंद होऊन राहिलं भाऊ, ११ टाकून देतो, लॅपटॉप रॉकेट होते पाहा.” मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे मोफत अपडेट थांबवले, तेवढं खरं. पण मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीच्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही, हे त्यानं सांगितलं नाही. ५०० रुपये घेऊन टाकलं ते क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स नसलेलं, आणि डिफेंडर (विंडोजचं व्हायरसपासूनचं संरक्षण) बंद करून.

काम झाल्यावर त्यानं काउंटरवर मला सगळं दाखवलं. मेमरी ८ जीबी, डिस्क ४७६ जीबी. (५१२ ची डिस्क विंडोजमध्ये ४७६-४७७ च दिसते, त्यात गडबड नाही.) मी तिथंच ४,५०० यूपीआयनं पाठवले. पैसे पोचल्याचा आवाज झाला आणि तो म्हणाला, “मागचं कव्हर नुसतं बसवलं हाय, स्क्रू टाइट करून आणतो.” लॅपटॉप घेऊन दुकानातल्या पडद्यामागं गेला.

स्क्रू ड्रायव्हर काउंटरवर माझ्यासमोर पडलेला होता.

आजही रात्री तो पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर डोळ्यांपुढून हलत नाही. स्क्रू आवळायचे होते तर इथंच आवळायचे ना? आठ-दहा स्क्रूंना इतका वेळ? पण गर्दी होती, लाइन जाऊन-येऊन होती, शेवटची एसटी गाठायची होती. आणि आधीच दाखवून दिलेल्या वस्तूवर संशय घेणारा माणूस मला दाखवा. अर्धा तालुका त्या दुकानात जातो. तिथं बसून पडदा बाजूला सारायचा का मी?

घरी आलो तर लॅपटॉप खरंच काही सेकंदांत उघडला. इथंच सगळी मेख आहे. फिरत्या हार्ड डिस्कपुढं कुठलीही एसएसडी पळतेच, कुणाच्या ऑफिसातून उपसलेली, थकलेली असली तरी. वेग पाहून माल ओळखता येत नाही, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. मी खूश होऊन गावातल्या दोघांना त्याच्याकडं पाठवलंसुद्धा. आता ते पारावर मला पाहून हसतात: “काय कॉम्प्युटरवाले, रॉकेट कुठवर गेलं?”

खरिपाच्या पीकविम्याच्या गर्दीत मशीन अडकलं. सी ड्राइव्ह लाल, म्हणजे भरलेला. पाहतो तर रॅम ४ जीबी, माझी जुनीच. डिस्क ११९ जीबी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्राम टाकला: तब्येत ५८ टक्के, चाललेले तास १७,४१२. म्हणजे जवळपास दोन वर्षं अखंड चालून झालेली डिस्क मला नवी म्हणून विकली. विंडोज टाकलेली तयारच ठेवत असला पाहिजे, पडद्यामागं नुसती बदलायची.

दुकानात गेलो तर म्हणे, “तुमीच बाहेर कुठं खोलला असन.”

पोलीस ठाण्यात गेलो. जमादार म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं साहेब, ही सरळ चारसोबीसी आहे. तर म्हणाले, “चारशे वीस गेलं आता, तीनशे अठरा आलं.” कलमाचा नंबर मला शिकवला, पण त्या कलमाखाली लिहून घ्यायला पेन उचलला नाही. सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, दुकानात जाऊन दिले ना पैसे, मग हे ऑनलाइन कसं? बँकेच्या शाखेत मॅडमनी स्क्रीनकडून मान न वळवता सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. पुन्हा ठाण्यात गेलो तर बिल मागितलं. फसवणारा बिल देतो का? साडेचार हजार म्हणजे यांना चिल्लर वाटते. इथं निंदणाला गेलेल्या बाईची किती दिवसांची मजुरी झाली ती, एकानंही हिशेब केला नाही. अर्जाची पोच मागितली तर “ठेवून जा, साहेब आले की पाहतील.” साहेब यायचे आहेत.

बिल नाही म्हणून हात टेकू नका, हे मला फार उशिरा कळलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात फी न भरता करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात, वकिलाशिवाय. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून नोंद करा. माझी तक्रार लिहून झाली आहे.

पैसे शेवटी द्या, लॅपटॉप हातात घेतल्यावर, टास्क मॅनेजर पुन्हा स्वतः उघडून. एसएसडीचा सिरीयल नंबर बसवण्याआधी मोबाइलवर टिपा. रॅमचा प्रकार डीडीआर-३ की डीडीआर-४ ते आधी पाहून जा, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. पडदा असलेल्या दुकानात जाऊच नका.

आणि जुनी हार्ड डिस्क कुणाला देऊ नका! माझी त्यानं “बाय-बॅकमध्ये जमा, म्हणून तर रेट कमी” म्हणून ठेवून घेतली. तिच्यात गावातल्या लोकांचे आधार, पासबुक, सातबारा आहेत. फाइल डिलीट केली तरी पुन्हा काढता येते. तीन-चारशेच्या केसमध्ये घातली असती तर तीच बाहेरची डिस्क म्हणून वापरता आली असती.

परवा दुकानदाराचाच फोन आला. माझ्याबद्दल ग्रुपवर टाकलेलं काढ, हजार रुपये परत देतो म्हणाला. मी म्हटलं, हजार ठेव, माझी हार्ड डिस्क दे. तर म्हणे, “ते भंगारात गेली.” कोणत्या भंगारवाल्याकडं ते विचारलं, तर फोन कापला.