रात्रीच्या उबेसाठी सेरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट : दोन हिवाळ्यांचा अनुभव

ग्वाल्हेरला जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि लष्कर भागातील आमच्या उंच छताच्या जुन्या घरात खोल्याही गारठून जातात. आमचा बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियातील कोरड्या, उष्ण प्रदेशातला सरडा. त्याच्या काचेच्या पेटीसाठी मी १०० वॅटचा सेरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट असा संच मागवला.

हीटर उजेड देत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पूर्वीच्या लाल बल्बखाली सरडा मध्यरात्रीही डोळे उघडे ठेवून बसलेला दिसे, आता शांत झोपतो. थर्मोस्टॅट २२ अंशांवर लावला की २१ ला हीटर चालू होतो आणि २२ ला बंद पडतो. दिवसा ऊन खाण्याच्या जागी त्याला ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी वेगळा बल्ब आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा हवाच, ते काम या संचाचे नाही.

माहितीपत्रकात मात्र नेमके महत्त्वाचे तेच गाळले आहे. चालू हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्याही वर तापतो, त्यामुळे त्याला प्लास्टिकचा नव्हे, चिनी मातीचाच होल्डर लागतो. शिवाय हीटर आट्यांचा असल्याने घरातल्या नेहमीच्या पिनच्या होल्डरमध्ये तो बसत नाही. मला योग्य होल्डर महाराज बाड्याजवळ विजेच्या सामानाच्या दुकानात मिळाला. हीटरभोवती तारेची जाळीही स्वतःच बसवावी लागली, कारण सरडा उबेला चिकटून बसतो आणि भाजेपर्यंत हलत नाही.

खरी तक्रार आहे ती प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा भाग, चिकटवण्याच्या रबरी चकतीबद्दल. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री ती सुटली, प्रोब पेटीबाहेर गार फरशीवर लोंबकळत राहिला आणि पेटी थंडच आहे असे समजून थर्मोस्टॅटने हीटर रात्रभर चालू ठेवला. पहाटे वेगळा लावलेला डिजिटल थर्मामीटर ३७ अंश दाखवत होता, आणि माझा सरडा गार कोपऱ्यात तोंड उघडे टाकून बसला होता. तो वाचला, पण ते दृश्य मी विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रोब तारेने फांदीला घट्ट बांधला आहे आणि झोपण्यापूर्वी तो हाताने ओढून पाहतो.

वीज गेल्यावर पेटीला कांबळे गुंडाळायचे झाल्यास आधी हीटरचा प्लग काढावा. वीज परत येते तेव्हा आपण बहुधा झोपलेले असतो आणि कापड हीटरला टेकलेले असू शकते.