लोअर आर्म: नुसते बुश की अख्खा आर्म?

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत गाडीच्या पुढून खटखट येते, टॉर्च मारला तर लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुशचं, म्हणजे त्याच्या सांगाड्याकडच्या टोकाला बसवलेल्या रबरी तुकड्याचं, रबर चिरलेलं दिसतं. आता काय बदलू, असं भाच्याने विचारलंय.

नुसते बुश स्वस्त. पण जुना काढून नवा सरळ बसवायला प्रेस (दाब देऊन बसवायचं यंत्र) लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातोडीने ठोकलास तर नवं रबरच खराब होईल. आर्म महाग, मात्र बुश बसवलेलेच येतात, बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंटही (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा). जॅक स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नकोस. आणि काहीही बदललंस तरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. बुश बदल की आर्म, नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावंच लागतं.

जॉइंट घट्ट असेल, ओळखीच्या गॅरेजात प्रेस असेल तर बुश. जॉइंट हलत असेल किंवा घरीच करायचं असेल तर आर्मच घे.