एक ताप, चार आकडे: घरातल्या थर्मामीटरांचा आठ महिन्यांचा अनुभव

मुलीला सारखा ताप येत होता, त्यामुळे आठ महिन्यांत घरात एकेक करत चार थर्मामीटर जमले. जुना पाऱ्याचा, काखेत लावायचा डिजिटल, कानात धरायचा आणि कपाळावर रोखायची गन. एका रात्री ती तापाने फणफणली होती, हातपाय मात्र गार. गनने दाखवलं 99.1, डिजिटलने 100.4, पाऱ्याने 100.6 आणि कानातल्याने 101.8. मी पार घाबरून गेले. सकाळी डॉक्टरांना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुठे लावून मोजला?" त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. चारही यंत्रं खरंच सांगत होती, पण सगळ्यांनी ताप एकाच जागेचा मोजला नव्हता.

पाऱ्याच्या थर्मामीटरवर माझा जीव होता. फुग्याच्या जरा वर काचेची नळी अगदी अरुंद केलेली असते. तापला की पारा तिथून रेटून वर चढतो. थंड होताना मात्र त्या चिमट्याशीच धागा तुटतो आणि वरचा पारा जागेवर थांबतो, म्हणून काखेतून काढल्यावरही आकडा टिकतो. आणि म्हणूनच तो झटकून खाली आणावा लागतो. चार-पाच मिनिटं दम धरावा लागतो, मग दिव्याखाली बोटांत हळूहळू फिरवत ती चंदेरी रेघ शोधायची. पाचव्या महिन्यात झटकतानाच तो हातातून निसटून फुटला. मुलीला दुसऱ्या खोलीत पाठवलं, खिडक्या उघडल्या, बांगड्या-अंगठी काढून ठेवली (पारा सोन्याला धरतो). टॉर्च जमिनीलगत आडवा धरला तेव्हा बारीक बारीक मणी चमकायला लागले. जाड कागदाने ते एकत्र केले, उरलेसुरले चिकटपट्टीने टिपले आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरले. अशा वेळी झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर अजिबात वापरू नका, पारा आणखी पसरतो आणि त्याची वाफ हवेत मिसळते. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात असे थर्मामीटर बनवणं आणि त्यांची आयात-निर्यात थांबवायला 2020 ही मुदत घातली होती. काही देशांनी ती वाढवून घेतली. आवडत असूनही मी पुन्हा घेणार नाही.

डिजिटलच्या टोकात थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि आतली चिप त्यावरून तापमान काढते. काही मॉडेल आकडा किती वेगाने चढतोय यावरून शेवटचा आकडा आधीच ताडतात, त्यामुळे ती दहा सेकंदांत बीप करतात. माझा तसा नाही, तरी बीप झाल्यावरही दोन-तीन मिनिटं काखेतच ठेवला की आकडा आणखी थोडा चढतो. टोक काखेच्या खळगीत बसायला हवं, कपड्याला टेकता कामा नये. पारा फुटण्याआधी एकदा थर्मासमध्ये कोमट पाणी घेऊन दोन्हीची टोकं एकत्र बुडवली होती. फरक निघाला 0.2 अंश फॅरनहाइटचा. तेव्हापासून डिजिटलवर माझा विश्वास बसला.

कानातला थर्मामीटर कानाच्या पडद्यातून येणारं इन्फ्रारेड (उष्णतेची, डोळ्यांना न दिसणारी किरणं) टिपतो. शरीराचं तापमान सांभाळणारा मेंदूतला भाग आणि कानाचा पडदा यांना होणारा रक्तपुरवठा जवळचा, म्हणून हा आकडा आतल्या तापाच्या जवळ जातो. पण हात बसावा लागतो. कान किंचित मागे ओढून नळी सरळ केली नाही, मळ असला किंवा भिंग पुसलेलं नसलं, तर आकडा कमी येतो. ज्या कुशीवर मूल झोपलं असेल त्या बाजूचा कान जास्त दाखवतो.

आणि गन. पहिले तीन आठवडे धडधाकट मुलीचाही ताप 94 दिसायचा. शेवटी कळलं की ती वस्तूंच्या मोडवर राहिली होती. शरीराच्या मोडवर ती त्वचेच्या आकड्यात भर घालून अंदाज देते. मग एकदा वस्तूंच्याच मोडवर चकचकीत स्टीलच्या भांड्यात कढत पाणी ओतलं आणि बाहेरून गन रोखली. सेल्सिअसमध्ये आकडा चाळिशीच्या आसपास! त्याच भांड्यावर काळी चिकटपट्टी लावून पुन्हा रोखली तर सत्तरीच्या वर. चकचकीत धातू इन्फ्रारेड फार कमी सोडतो, त्वचा भरपूर सोडते. म्हणजे त्वचेच्या बाबतीत गन फसत नाही, त्वचाच फसवते. ताप चढत असताना शरीर त्वचेकडचं रक्त आवरून घेतं, कपाळ आणि हातपाय गार पडतात. त्या रात्रीचा 99.1 हा तोच. घाम आलेला असला तरी तेच होतं.

आता ठरवून टाकलंय. डिजिटल, नेहमी उजव्याच काखेत, आणि वहीत वेळ व आकडा यांच्याबरोबर 'काख' असंही लिहिते. काखेचा म्हणून मनाने एक अंश वाढवत नाही, आहे तोच आकडा डॉक्टरांना सांगते. गन ठेवलीय ती रात्रीसाठी. मुलगी गाढ झोपलेली असली की आधी कपाळावर रोखते, आणि आकडा 99 च्या वर गेला किंवा हातपाय गार लागले, तर तिला अलगद कुशीवर वळवून काखेत डिजिटल सरकवते.