प्रसिद्धी मागायला गेलो आणि वर्षभराचा संवाद आराखडा घेऊन आलो

गेली ११ वर्षं मी एका स्वयंसेवी रक्तपेढीत दात्यांशी संपर्क ठेवण्याचं काम करते. मागच्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच एका जनसंपर्क सल्ला संस्थेशी १२ महिन्यांचा करार केला. तो आता संपला आहे. आमच्यासारख्या छोट्या संस्थांना अशा सेवेकडे जाताना नेमकं काय मागावं हेच ठाऊक नसतं, आम्हालाही नव्हतं, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आमची मागणी एका ओळीची होती: लोकांना आमचं काम माहीत नाही, ते पेपरात येऊ द्या. सोबत सहा प्रसिद्धिपत्रकांचे मसुदेही नेले होते. त्यांच्या मुख्य सल्लागार बाईंनी ते बाजूला ठेवले आणि विचारलं, "लोकांना माहीत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आमच्या अध्यक्षांना तो प्रश्न आवडला नाही. माझ्या मनातून मात्र तो जाईना, कारण त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

पहिले पाच आठवडे एकही बातमी बाहेर गेली नाही. त्यांची दोन माणसं आमच्या काउंटरसमोरच्या बाकावर येऊन बसायची. फोन कसा उचलला जातो, फॉर्म भरताना लोक कुठल्या प्रश्नाशी अडतात, रक्त न देताच परत जावं लागलेला माणूस सोबतच्याला काय म्हणतो, हे सगळं वहीत उतरत होतं. मग त्यांनी एकदाच रक्त देऊन पुन्हा न फिरकलेल्या चाळीस जणांची यादी आमच्याकडून घेतली आणि एकेकाला फोन केले. आमची परवानगी आणि दात्यांची संमती, दोन्ही आधी घेतली, हे मुद्दाम सांगते.

त्या फोनमधून जे कळलं ते ऐकताना मला फार वाईट वाटलं. बहुतेकांना आमचं नाव, जागा, वेळ सगळं माहीत होतं. एक गृहस्थ म्हणाले, "दुसऱ्यांदा आलो तेव्हा रांगेत सगळ्यांसमोर सांगितलं की तुमचं रक्त चालणार नाही. मग कशाला यायचं?" त्यांचं हिमोग्लोबिन त्या दिवशी थोडं कमी भरलं होतं, एवढंच. आमच्या तंत्रज्ञ मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं. समोर तीस माणसं उभी असताना ती घाईत बोलून गेली होती. पण त्या गृहस्थांनी ते वाक्य दोन वर्षं मनात ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट आमच्याच नोंदवहीत होती आणि आम्ही ती कधी अशा नजरेनं पाहिली नव्हती. लाल पेशींची बॅग ३५ ते ४२ दिवस टिकते, कुठलं द्रावण वापरलं त्यावर ते ठरतं. प्लेटलेटचं आयुष्य जेमतेम पाच दिवसांचं. आम्ही मोठं आवाहन करायचो, एका रविवारी दोनशे माणसं यायची, आम्हाला धन्य वाटायचं. त्यातल्या प्लेटलेट शुक्रवारनंतर कामाच्या राहत नसत. आणि एकदा रक्त दिलेला दाता पुढचे काही महिने देऊ शकत नाही, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात हाक मारायला कोणी उरायचं नाही. आम्ही ज्या प्रसिद्धीच्या मागे होतो ती आमचा तुटवडा वाढवत होती. मला वाटतं, एवढं एक जरी त्यांनी दाखवून दिलं असतं आणि थांबले असते, तरी करार सार्थकी लागला असता.

आराखडा हातात आला तेव्हा तो एका पानाचा होता. अध्यक्षांना जाडजूड फाइलची अपेक्षा होती. पानावर पाच रकाने होते: कोणाशी बोलायचं, आज ते काय समजून आहेत, त्यांनी काय करावं असं आपल्याला वाटतं, हे त्यांना कोण सांगेल, आणि ते झालं हे आपल्याला कशावरून कळेल. आम्ही लिहिलेलं उद्दिष्ट होतं "रक्तदानाविषयी जागृती वाढवणे". बाईंनी ते खोडलं आणि लिहिलं, "पहिल्यांदा आलेला दाता सहा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा यावा." त्यावर मी तासभर वाद घातला. मला ते फार छोटं वाटत होतं. पण पाचव्या रकान्यात जागृतीपुढे काय भरायचं, हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली. जनसंपर्काचे अभ्यासक जॉन मार्स्टन यांनी १९६३ मध्ये जनसंपर्काच्या कामाचे चार टप्पे मांडले: शोध, कृती, संवाद, मूल्यमापन. यात कृती संवादाच्या आधी आहे, याकडे सल्लागारांनी बोट ठेवलं. म्हणून पत्रकं छापण्याआधी आम्हाला हिमोग्लोबिनचा निकाल सांगण्यासाठी पडदा लावून वेगळी जागा करावी लागली, परत पाठवलेल्या प्रत्येकाला तीन दिवसांत फोन करायची पद्धत घालावी लागली, आणि रविवारच्या गर्दीतल्या काही जणांना आधीच विचारून पुढच्या आठवड्यांतली वेळ द्यावी लागली. "तुम्ही आज न येता पुढच्या मंगळवारी आलात तर जास्त उपयोग होईल," हे वाक्य दात्याला सांगायला आम्ही घाबरत होतो. लोकांनी ते सहज मान्य केलं. कारण नीट सांगितलं की माणसं ऐकतात, याचा मला मनापासून आनंद झाला.

स्टॉकहोमच्या रक्तसेवेत २०१२ पासून दात्याला त्याचं रक्त रुग्णासाठी वापरलं गेलं की मोबाइलवर संदेश जातो. तसा संदेश आपणही सुरू करावा, हे त्यांनीच सुचवलं. इथे आमच्या प्रयोगशाळेनं रास्त प्रश्न काढला: एका बॅगेचे लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे भाग होतात, मग संदेश कशावर पाठवायचा? आणि ज्याचं रक्त तपासणीत बाद झालं त्याला काय वाटेल? तीन बैठकांनंतर ठरलं की लाल पेशी रुग्णाला दिल्या की संदेश जाईल, आणि बाद झालेल्या रक्ताबद्दल डॉक्टरच दात्याशी खासगीत बोलतील. हे ठरेपर्यंत सल्लागारांनी घाई केली नाही. या संदेशाच्या उत्तरादाखल लोक जे लिहून पाठवतात ते वाचून आमच्या रात्रपाळीच्या मुलांनाही बळ येतं.

संकटाच्या वेळचा संवाद हा आराखड्याचा शेवटचा भाग. मला तो कागदी वाटला होता. सरावाच्या दिवशी त्यांनी १९८२ सालच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं उदाहरण घेतलं. शिकागो परिसरात बाहेरच्या कोणीतरी सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूल घेऊन सात जणांचा मृत्यू झाला आणि ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. पुढे चार महिन्यांनी आमच्यावर वेळ आली, आणि आमच्या बाबतीत फरक असा की चूक बाहेरच्या कोणाची नव्हती, आमचीच होती. रात्री एका फ्रिजचं तापमान ६ अंशांच्या वर गेलं, गजर वाजला, पण त्या खोलीत कोणी नव्हतं. सकाळी ६३ बॅगा बाद कराव्या लागल्या. दुपारपर्यंत कचऱ्यात ठेवलेल्या बॅगांचा फोटो फिरायला लागला.

अध्यक्ष म्हणाले, दोन दिवस गप्प राहू. सल्लागार बाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचे दाते आत्ता फोटो बघत आहेत." मग सरावात लिहून ठेवलेला कच्चा मसुदा काढला. त्यात चारच गोष्टी होत्या: काय झालं, यातली एकही बॅग रुग्णाला गेलेली नाही, गजर कोणापर्यंत का पोहोचला नाही याचा शोध चालू आहे, आणि पुढची माहिती उद्या संध्याकाळी पाच वाजता देऊ. बाईंनी आग्रह धरला की हे आधी आपल्या कर्मचाऱ्यांना वाचून दाखवा, मग बाहेर. आमच्या वैद्यकीय अधिकारी डॉक्टर मॅडम कॅमेऱ्यासमोर जायला तयार नव्हत्या. "ताई, मला नाही जमणार," असं त्या मला दोनदा म्हणाल्या. मी सोबत उभी राहिले आणि त्या बोलल्या, "आमच्याकडून चूक झाली आहे" हे पहिलंच वाक्य. दुसऱ्या दिवशी पाच वाजता शब्द दिल्याप्रमाणे पुन्हा बोलल्या. त्या आठवड्यात ठरलेल्या दात्यांपैकी फक्त दोघांनी वेळ रद्द केली.

आता तक्रारी. पहिले दोन महिने अहवालात "प्रसिद्धीचं जाहिरातमूल्य" असा ठसठशीत आकडा यायचा, म्हणजे बातमीएवढ्या जागेची जाहिरात घेतली असती तर किती खर्च आला असता तो. जनसंपर्क मोजणाऱ्या व्यावसायिकांनी २०१० सालच्या बार्सिलोना तत्त्वांमध्येच स्पष्ट म्हटलं आहे की जाहिरातमूल्य हे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. हे ज्यांना इतकं चांगलं समजतं त्यांनी तो आकडा पाठवायलाच नको होता. मी विचारल्यावर तो बंद झाला.

दुसरी तक्रार माणसांची. आमचं रोजचं काम पाहणारी व्यक्ती वर्षात दोनदा बदलली. दर वेळी ओ निगेटिव्ह या दुर्मिळ रक्तगटाची निकड आणि प्लेटलेटचे पाच दिवस पहिल्यापासून समजावून सांगावे लागले. करारात नाव घालून घ्या, असा माझा सल्ला राहील. आणि मसुद्यांची भाषा फार जड होती. "आपल्या अमूल्य योगदानाबद्दल कृतज्ञता" असलं काही आमचा दाता वाचत नाही. शेवटी काउंटरवरच्या मावशींनी तोंडी सांगितलं आणि मी लिहून घेतलं, तेच मजकूर सगळ्यात जास्त चालले. समाजमाध्यमांवरचं त्यांचं काम ठीकठाक होतं, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

तिसऱ्या आठवड्याचा तुटवडा कमी झाला आहे, संपलेला नाही. त्याचं सगळं श्रेय मी त्यांना देणार नाही, कारण त्याच काळात आम्ही संध्याकाळची वेळही दोन तासांनी वाढवली. ज्यांना महिन्याला अमुक इतक्या बातम्या हव्यात त्यांनी या सेवेकडे जाऊ नये, दोघांचाही हिरमोड होईल. ज्यांची स्वतःच्या संस्थेत बदल करायची तयारी आहे त्यांनी जरूर जावं, आणि पहिल्या बैठकीला अध्यक्षांना सोबत न्यावं.

दुसऱ्या वर्षासाठी आम्ही करार चालू ठेवला आहे, पण लहान: तीन महिन्यांतून एकदा आराखड्याचं ते पान घेऊन बसायचं आणि सहा महिन्यांतून एकदा संकटाचा सराव. दरमहाचा अहवाल आता मीच लिहिते. त्यात कात्रणं नसतात. तिसऱ्या सोमवारी सकाळी फ्रिजमध्ये कुठल्या गटाच्या किती बॅगा होत्या, ते असतं.