नटीची पत्रं: तारखेनं लावायची की नाटकानुसार?

नटीच्या पत्रांचं पुस्तक करताना ती नाटकानुसार लावणं सोपं, पण एकाच पत्रात तालीम, थकलेली नाइट (प्रयोगाचं मानधन) आणि मुलाचा ताप येतो. कात्री लावली की बाईंचा आवाजच तुटतो. तारखेनं लावलं तर तो टिकतो. अडचण वर्षाची. दौऱ्यातल्या पत्रावर नुसतं ‘गुरुवार, सांगली’ असतं. मग पोस्टाचा शिक्का तिरप्या उजेडात बघा, जुन्या वर्तमानपत्रातल्या प्रयोगांच्या जाहिरातींशी वार जुळवा. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. अंदाजाचं वर्ष चौकटी कंसात. आमचं मत तारखेच्याच बाजूनं; नाटकांची सूची शेवटी द्यावी. आणि हो, कागद ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे असो, मजकुराचा हक्क सहसा बाईंच्या वारसांचा. लेखी परवानगी आधी घ्या.